जग्वार कुणाची आणि कुणासाठी?

मागच्या अंकात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांविषयी लिहिताना जग्वारचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर मी तिलाच देतोय. काही पत्रं कुतूहलाची आहेत, काही तावातावाने लिहिलेली. या गाडीवर माझा तरुणपणापासून जीव आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

"माझ्या आठवीच्या वर्गात वाद झाला. निम्मी मुलं म्हणतात जग्वार टाटांची, म्हणजे भारतीय. निम्मी म्हणतात ब्रिटिशच. मी काय सांगू?" (एक शिक्षिका, देवगड)

बाई, दोन्ही गटांना निम्मे निम्मे गुण द्या. २ जून २००८ पासून मालकी टाटा मोटर्सची. नोव्हेंबर २०२५ पासून कंपनीच्या प्रमुखपदी पी. बी. बालाजी आहेत, तेही टाटा मोटर्समधूनच गेलेले. पण गाडीचा आराखडा, इंजिनचं काम, चाचण्या हे सगळं इंग्लंडात, कॉव्हेंट्री आणि आसपास चालतं. मुख्य कचेरी कॉव्हेंट्रीजवळ व्हिटलीला. २०१३ मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कागदोपत्री एकाच कंपनीत आल्या. पुण्यात या गाड्यांची जुळणी बरीच वर्षं होते आहे, आणि २०२४ मध्ये लँड रोव्हरची रेंज रोव्हरही पुण्यात जोडायला लागले. ती गाडी त्याआधी ब्रिटनबाहेर कुठेच जोडली जात नव्हती. मुलांना ही शेवटची गोष्ट जरूर सांगा.

"जग्वारचं आधीचं नाव 'एसएस' होतं आणि हिटलरच्या लोकांशी तिचा संबंध होता, असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. यात कितपत तथ्य आहे?" (निवृत्त पोस्टमास्तर, राजापूर)

नाव खरं, संबंध साफ खोटा. पण नावाच्या निमित्ताने तुम्ही मला या कंपनीच्या मुळाशी नेलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९२२ साली ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावात विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोघांनी मोटरसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. धंद्याचं नाव स्वॅलो साइडकार. लायन्स तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे. १९२७ मध्ये त्यांनी ऑस्टिन सेव्हन या लहानशा, साध्यासुध्या गाडीचा सांगाडा घेतला आणि त्यावर स्वतःची दोनरंगी, गोलसर, देखणी बॉडी चढवली. गाडी तीच, पण लोक वळून बघायला लागले. मागणी वाढली तशी १९२८ मध्ये मंडळी कॉव्हेंट्रीला गेली. १९३१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांची स्वतःची अशी पहिली गाडी उभी राहिली, एसएस वन. सांगाडा आणि इंजिन स्टँडर्ड कंपनीचं. 'एसएस' म्हणजे स्टँडर्ड स्वॅलो की स्वॅलो स्पेशल, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. जर्मनीशी त्याचा काही संबंध नव्हता. १९३५ मध्ये नव्या मॉडेलसाठी प्राण्यापक्ष्यांच्या नावांची यादी मागवली गेली आणि त्यातून लायन्सनी 'जग्वार' उचललं. महायुद्धानंतर हिटलरच्या एसएस दलामुळे ही अक्षरं कुणाच्या तोंडी नकोशी झाली, तेव्हा १९४५ मध्ये कंपनीचंच नाव जग्वार झालं.

आता यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगतो. एसएस वनची किंमत होती ३१० पौंड, आणि बघणाऱ्याला ती हजार पौंडांची वाटायची. लांबलचक बॉनेट, बुटकं छत, ऐट अशी की श्रीमंतांच्या गाडीशेजारी उभी केली तरी मान खाली जाऊ नये. लायन्सनी पुढे चाळीस वर्षं धंदा केला तो याच एका सूत्रावर: दुप्पट किमतीच्या गाडीचं रूप आणि वेग निम्म्या पैशांत द्यायचा. ते काही पदवीधर अभियंता नव्हते. कारागिरांना हाताशी धरून पूर्ण आकाराचा नमुना बनवून घ्यायचे, घरासमोर उजेडात उभा करायचे, चारी बाजूंनी फिरून बघायचे आणि इथे रेघ जरा खाली घ्या, तिथे जरा फुगवा, असं सांगायचे. आपल्याकडे होडी बांधणारा जुना सुतार कागदावर रेघ न मारता नुसत्या नजरेने फळीचा बाक ठरवतो, तशी ती नजर होती. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरांत मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

"जग्वारचं एक्सके इंजिन चाळीस वर्षांहून जास्त चाललं असं वाचलं. आज दर पाच-सात वर्षांनी इंजिन बदलतात. त्यात असं काय होतं?" (ऑटोमोबाइल पदविकेचा विद्यार्थी, चिपळूण)

मित्रा, १९४८ ते १९९२ एवढा काळ ते इंजिन बनत होतं. अगदी शेवटी ते डेमलरच्या मोठ्या लिमोझिनमध्ये बसायचं.

त्याचा जन्म युद्धातला. कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते आणि कारखान्याला आग लागू नये म्हणून रात्री छपरावर पहारा असायचा. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली हे कंपनीचे तिघं अभियंते लायन्सबरोबर त्या पहाऱ्याला असत. युद्ध संपल्यावर कोणतं इंजिन करायचं, याची आखणी त्या रात्रींमध्ये झाली. ठरलं ते असं: सरळ रांगेत सहा सिलिंडर, ३,४४२ सीसी, आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे. इंजिनाच्या वरच्या भागाचं, म्हणजे हेडचं काम हॅरी वेस्लेक यांच्या मदतीने झालं. दोन कॅमशाफ्ट तेव्हा शर्यतीच्या किंवा अतिमहाग गाड्यांनाच असायचे. जग्वारने ते मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत आणले. लायन्सचा तर आग्रह होता की इंजिन दिसायलाही देखणं हवं. म्हणून ते कॅमशाफ्ट झाकणारे ॲल्युमिनियमचे कव्हर आरशासारखे घासलेले.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात हे इंजिन लोकांपुढे आणायचं होतं, पण ज्या मोठ्या गाडीसाठी ते केलं ती तयार नव्हती. मग घाईघाईने एक दोन आसनी गाडी उभी केली, एक्सके १२०. नावातला १२० म्हणजे ताशी १२० मैल, आपल्या हिशेबात १९० किलोमीटरच्या वर. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये याबेके इथल्या सरळ रस्त्यावर तिने १३२ मैलांचा वेग गाठून दाखवला. किंमत कर सोडून ९९८ पौंड. थोड्याच बनवायच्या म्हणून पहिल्या गाड्यांची बॉडी लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून केली होती. ऑर्डरी इतक्या आल्या की पोलादी पत्र्याचे साचे करावे लागले.

हे इंजिन मी हाताळलं ते गिरगावात उस्तादांकडे शिकाऊ असताना. एका डॉक्टरांची ३.४ लिटरची जग्वार मार्क टू यायची. तिचे टॅपेट लावणं हे एक अनुष्ठानच. इथे स्क्रू फिरवून कॅमशाफ्ट आणि टॅपेटमधला गाळा कमी-जास्त होत नाही. व्हॉल्व्हच्या डोक्यावर पेल्यासारखा टॅपेट, आणि त्याच्या आत नखाएवढी पोलादी चकती, म्हणजे शिम. प्रत्येक चकतीवर इंग्रजी अक्षर कोरलेलं, ए पासून झेडपर्यंत. ए म्हणजे ८५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) जाडी, पुढच्या प्रत्येक अक्षराला एक थाऊ जास्त, झेड म्हणजे ११० थाऊ. आधी फीलर, म्हणजे गाळा मोजायची पातळ पट्टी घालून बारा व्हॉल्व्हचे गाळे मोजायचे, पाटीवर लिहायचे, मग कॅमशाफ्ट उचलायचा, जुनी अक्षरं वाचायची, वजाबाकी करायची आणि नवी अक्षरं बसवायची. हवा आत येणाऱ्या बाजूला चार थाऊ, धूर बाहेर जाणाऱ्या बाजूला सहा. उस्ताद चकत्या तेलात बुडवून एका ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवायचे, आणि अक्षर पुसट झालेली चकती मायक्रोमीटरखाली धरल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. एकदा नीट लावलं की पुढे हजारो मैल त्याकडे बघायला लागत नसे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जे झिजणार ते मोजता येईल, बदलता येईल आणि पुन्हा पहिल्यासारखं होईल, असा विचार कागदावरच करून ठेवलेला होता. शिवाय मूळ ठोकळ्यात एवढी ताकद राखून ठेवली होती की २.४ पासून ४.२ लिटरपर्यंत सगळे अवतार त्यातून निघाले.

याच इंजिनाने जग्वारने फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत १९५१, ५३, ५५, ५६ आणि ५७ साली जिंकली. त्यातलं १९५३ चं वर्ष आपण कोकणातल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावं. त्या वर्षी जग्वारच्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते, बाकीच्यांना ड्रम. कुंभार्ली किंवा आंबा घाट जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीने उतरलेल्याला लायनर जळल्याचा वास आणि पाय खाली गेला तरी गाडी न थांबण्याची धास्ती माहीत असते. ड्रममध्ये उष्णता कोंडते, डिस्क उघडी असल्यामुळे वाऱ्यावर थंड होते. त्यामुळे जग्वारचे चालक, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन, दर फेरीत वळणाच्या किती तरी जवळ जाऊन ब्रेक मारू शकत होते. त्या शर्यतीत सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या पुढे गेला. आज आपल्या साध्या मोटरसायकललाही डिस्क असते.

"फोर्डने रतन टाटांचा अपमान केला आणि टाटांनी सूड म्हणून जग्वार विकत घेतली, असा मेसेज दर महिन्याला फिरतो. खरं काय?" (एक वाचक, लांजा)

अपमानाचा भाग हवेतला नाही. १९९९ मध्ये टाटा मोटर्सचा प्रवासी गाड्यांचा विभाग विकायची बोलणी करायला टाटांची माणसं डेट्रॉइटला गेली होती, आणि तिथे त्यांना कमीपणाने वागवलं गेलं, असं त्या चमूतले प्रवीण काडले यांनी पुढे २०१५ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितलं.

पण 'सूड' हा शब्द मला पटत नाही. त्याने रतन टाटांनी घेतलेल्या जोखमीचं मोल कमी होतं. आधी हे बघा की गाडी विकायला का निघाली. लायन्सची कंपनी १९६६ मध्ये बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये गेली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये, आणि १९७५ मध्ये लेलँडच सरकारजमा झाली. एवढ्या मोठ्या कडबोळ्यात जग्वारच्या कामाचा दर्जा ढासळला. १९८० मध्ये प्रमुख म्हणून जॉन ईगन आले, त्यांनी घडी बसवली, १९८४ मध्ये कंपनी पुन्हा खाजगी झाली. १९८९ मध्ये फोर्डने ती १६० कोटी पौंडांना घेतली. फोर्डने पैसा ओतला, कारखाने सुधारले, हे मान्य करायला हवं. पण संख्या वाढवायच्या नादात २००१ मध्ये माँडिओ या आपल्या रोजच्या वापराच्या गाडीच्या सांगाड्यावर एक्स-टाइप आणली आणि ती गिऱ्हाइकाला जग्वार वाटलीच नाही. २००६ मध्ये फोर्डला स्वतःलाच १,२०० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. घर वाचवायला दागिने विकावेत तशातली ती विक्री होती.

टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर मिळून २३० कोटी डॉलर मोजले, तेही बरेचसे कर्ज काढून. जूनमध्ये व्यवहार पुरा झाला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन बँक बुडाली. जगभर महागड्या गाड्यांचा खप कोसळला. २००८-०९ या वर्षात टाटा मोटर्सला एकत्रित २,५०० कोटी रुपयांच्या आसपास तोटा झाला. त्या वेळी देशातले कितीतरी जाणकार म्हणत होते की हे ओझं फेकून द्या. टाटांनी फेकलं नाही, उलट नव्या मॉडेलांच्या कामाला कात्री लावू दिली नाही. २०११ मध्ये रेंज रोव्हर इव्होक आली आणि गाडं रुळावर आलं. मेसेजमध्ये हे वर्ष-दोन वर्षांचं धैर्य यायला हवं.

"जग्वारच्या नव्या जाहिरातीत गाडीच नव्हती, नुसती रंगीबेरंगी माणसं. मग गुलाबी रंगाची एक अजस्र गाडी दाखवली. कंपनी वाट चुकली का?" (एक वाचक, वेंगुर्ले)

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी ओळखचिन्हं आली आणि डिसेंबरमध्ये मायामीत 'टाइप ००' ही नमुना गाडी दाखवली, एक गुलाबी आणि एक निळी. जाहिरातीवर जगभर गदारोळ झाला. जाहिराती येतात आणि जातात, मला त्याचं सोयरसुतक नाही. रंगाचंही नाही. लांब बॉनेट आणि बुटकं छत मला आवडलं, ते थेट एसएस वनची आठवण करून देणारं आहे.

गाडी पूर्ण विजेवर चालणार, याचीही मला खंत वाटत नाही. सहा सिलिंडरची सायीसारखी मऊ चाल मिळवण्यासाठी ज्यांनी जन्म घालवला, त्यांना विजेची मोटर आवडलीच असती. २०१८ च्या विजेवरच्या आय-पेसने जग्वारला हे काम जमतं हे दाखवूनही दिलं होतं. ती २०१९ ची जगातली सर्वोत्तम गाडी ठरली होती.

माझं दुखणं किमतीचं आहे. कंपनीने ठरवलंय की गाड्या थोड्या बनवायच्या आणि किंमत एक लाख पौंडांच्या वर ठेवायची. २०१८ साली जग्वारने सुमारे १ लाख ८० हजार गाड्या विकल्या होत्या. त्यातही पैसा सुटत नव्हता, हे खरं. जर्मन कंपन्या त्याच आकाराच्या गाड्या कितीतरी जास्त संख्येने बनवतात, त्यांच्याशी भावात टक्कर देणं जड होतं. हिशेब मला कळतो. पण १९६१ मध्ये ई-टाइप आली तेव्हा तिची किंमत करासकट २,१०० पौंडांच्या आसपास होती आणि ॲस्टन मार्टिनची डीबी४ जवळपास दुप्पट. तिचे आराखडाकार माल्कम सेयर यांनी विमानाच्या गणिताने काढलेली ती रेघ एखाद्या शाळामास्तरला नाही तरी एखाद्या डॉक्टरला, वकिलाला परवडत होती. लायन्सची सगळी करामत 'निम्म्या पैशांत' या दोन शब्दांत होती. नवी गाडी अप्रतिम असेल, मला तशी मनापासून इच्छा आहे, पण ती लायन्सच्या विरुद्ध दिशेने निघाली आहे आणि हे कुणीतरी स्पष्ट बोललं पाहिजे. बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिचला, जिथे युद्धात स्पिटफायर विमानं बनली, तिथे २०२४ मध्ये एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप या जग्वार बनणं थांबलं. नवी गाडी सोलिहलला बनणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्याने कंपनीचे सगळे कारखाने महिनाभराहून जास्त बंद पडले, त्याचा फटका वेगळाच. लहान पुरवठादारांचे हाल झाले. ब्रिटिश सरकारला १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली.

"इंग्लंडशी झालेल्या करारामुळे जग्वार स्वस्त होणार का?" (एक वाचक, दापोली)

२४ जुलै २०२५ ला सह्या झालेल्या करारात ब्रिटिश गाड्यांवरचं शंभर टक्क्यांच्या वरचं आयातशुल्क ठरावीक संख्येपुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. पण विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षं ही सवलत नाही, आणि नवी जग्वार विजेचीच आहे. सवलतीचा लाभ पेट्रोलच्या रेंज रोव्हरला.

"मुंबईचा काका त्याची २०१७ ची जग्वार एक्सई मला स्वस्तात देतोय. आमचं घर मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घेऊ का?" (एक वाचक, मालवण)

एक्सई भारतात २०१६ मध्ये ३९ लाख ९० हजारांपासून सुरू झाली होती. लायन्सच्या सूत्राच्या जवळ जाणारी ती अलीकडची शेवटची जग्वार, असं मी मानतो, म्हणून तुमचा मोह मला समजतो. आता कामाचं बोलू.

तिच्या बॉडीचा सुमारे पाऊण हिस्सा ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही, पण खाऱ्या हवेत जिथे जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे पाणी आणि मीठ मिळून बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी आणि रंगाखाली फोड दिसले की समजावं. कारखान्यात अशा जागी लेप दिलेला असतो. अपघातानंतर कुणी साधे बोल्ट मारले असतील तर तो लेप गेला. म्हणून काकांना पहिला प्रश्न विचारा: गाडी कधी ठोकली होती का, आणि दुरुस्ती कुठे झाली?

या गाडीचे पत्रे डिंकासारख्या रसायनाने चिकटवून वर रिव्हेट मारलेले आहेत. आपल्याकडच्या गॅस वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका, उष्णतेने तो जोड कायमचा कमकुवत होतो. ॲल्युमिनियमच्या कामाची हत्यारंही वेगळी लागतात, कारण लोखंडावर वापरलेल्या ग्राइंडरचे कण रुतले तरी क्षरण सुरू होतं. म्हणजे मोठं काम निघालं की मुंबई-पुणं गाठायचं, ही तयारी हवी.

मुंबईची गाडी म्हणजे पाण्यात उभी राहिलेली असू शकते. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात शेकडो गाड्या आतून-बाहेरून चिखलाने भरलेल्या मी पाहिल्या. महिनाभराने त्यातल्या काही चकचकीत होऊन विकायला निघाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पट्ट्याच्या तळाशी मातीची रेघ कुणी धुवायला जात नाही. स्टेपनीखालची जागा, पुढच्या गालिच्याच्या खालचा कापूस हाताने दाबून बघा.

घेतलीत तर समुद्राकडून आडोसा असलेली जागा शोधा. झापाची शाकार चालेल, प्लास्टिकचं बंद कव्हर नको, आत दमटपणा कोंडतो. आठवड्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने खालची बाजू आणि चाकांच्या कमानी धुवा. वाऱ्याच्या दिवसांत जास्त वेळा. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्याफणसाचा पालापाचोळा साठतो, तिथली पाणी जायची भोकं तुंबली की पाणी आत वायरिंगवर उतरतं. मृगाच्या आधी ती साफ झालीच पाहिजेत. छताला उघडणारी काच असेल तर तिच्या कोपऱ्यातल्या नळ्याही. गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवा, कारण बॅटरी उतरली की ही गाडी पडद्यावर नको नको ते इशारे दाखवते आणि माणूस उगाच घाबरतो.

काका गाडी मुंबई-गोवा महामार्गानेच आणणार असतील. चिपळूणला माझ्याकडे थांबायला सांगा. लिफ्टवर चढवून खालून सगळे बोल्ट आणि जोड बघून देतो. त्याचे पैसे नकोत. सौदा मात्र त्यानंतरच पक्का करा.